निवृत्तीनंतर कोकणातल्या घरी शेवटपर्यंत राहायचं आहे, आतापासून काय तयारी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ५७, ठाण्यात नोकरी, मुलगी परदेशात, राजापूर तालुक्यात वाडवडिलांचं घर. साठीनंतर तुम्ही दोघं तिथेच राहणार, शक्यतो शेवटपर्यंत. कमोड, बाथरूममधले दांडे, ओटीवर रॅम्प आणि इन्व्हर्टर ही यादी तुम्ही केलीच आहे. आणखी काय, असं विचारलंय.

मी याच पट्ट्यात आरोग्यसेविका होते, निवृत्तही इथेच झाले. घरात सासूबाई आहेत, नव्वदीला टेकलेल्या. त्यामुळे वाचलेलं कमी आणि पाहिलेलं जास्त लिहिते.

तुमची यादी चुकीची नाही, पण ती सगळी आठवडाभराची कामं आहेत. गवंडी मिळाला की होतात. (कोकणात गवंडी मिळणं हेच मोठं काम, ते सोडा.) ज्यांना वर्षं लागतात ती कामं आधी हातात घ्या. तुमच्याकडे तीन वर्षं आहेत.

सर्वात जास्त वेळ खातात ते कागद. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव असेल आणि खाली चुलत्यांची, आत्यांची, त्यांच्या मुलांची रांग असेल, तर घर तुमचं एकट्याचं नाही. एरवी कुणाचं काही म्हणणं नसतं. तुम्ही न्हाणीघर आत घ्यायला भिंत फोडलीत की पहिला फोन विरारहून येतो. वारसनोंदी करून घ्या, फेरफार काढून बघा, घरपट्टी कुणाच्या नावावर आहे ते ग्रामपंचायतीत विचारा, आणि हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. गणपतीत सगळे जमतात तेव्हा हे काम होतं, पण आरतीआधी विषय काढू नका.

याच कामात आणखी एक गोष्ट येते. मुलं लांब असली की आपल्याकडे "पुतण्या बघेल, त्याच्या नावावर करून टाकू" असं होतं. पुतण्या चांगला असेलही. पण बक्षीसपत्र करायचंच असेल तर साठी ओलांडल्यावर करा आणि "हा आमची देखभाल करील" ही अट त्या कागदातच लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, अशी अट असून ती पाळली गेली नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडचं न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. तोंडी शब्दावर दिलेलं परत मिळवणं फार अवघड. माझं स्वतःचं मत विचाराल तर हयातीत घर कुणाला देऊच नये. मृत्युपत्र करावं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, आणि ते कुठे ठेवलंय ते दोघांना सांगावं.

मुखत्यारपत्र केलं की सगळं सुटलं, असं पुष्कळांना वाटतं. ते देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्याने संपतं, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच ते कामाला येत नाही. म्हणून बँकेतली खाती आत्ताच दोघांच्या नावे, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" अशी करून घ्या.

आरोग्यविमाही याच रांगेतला. कंपनीचा विमा निवृत्तीच्या दिवशी संपेल. स्वतःचा आज घेतलात तर आधीपासूनच्या बीपी-शुगरसाठीचा थांबण्याचा काळ, जो आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, साठीपर्यंत उलटून जाईल. सत्तरीनंतर आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण मधल्या दहा वर्षांचं काय, ते तुम्ही बघायचं.

आता रस्ता. तुमचं घर डांबरी सडकेपासून किती आत आहे, ते प्रश्नात लिहिलेलं नाही, आणि मला ते आधी हवं होतं. १०८ ची गाडी रस्त्यापर्यंत येते. पुढे पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट, असेल तर माणूस उचलून आणावा लागतो. तो कसा आणतात सांगते. हाताच्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधायचे, आजाऱ्याला बसवून छातीशी लुगड्याने बांधायचं, वर प्लास्टिक धरायचं. उतारावर पुढच्या दोघांनी बांबू खांद्यावर घ्यायचे आणि मागच्या दोघांनी कमरेशी, म्हणजे खुर्ची सपाट राहते. पायाखाली चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्या, कडा झिजून गोल झालेल्या, श्रावणात हिरव्यागार. चार माणसं उचलायला आणि पाचवा बॅटरी दाखवायला. मधे पऱ्या (ओढा) असेल आणि साकव (त्यावरचा छोटा पूल) अरुंद असेल तर तिथे खुर्ची मावत नाही, पाठुंगळीच घ्यावं लागतं.

आणि ही चार माणसं आता आणायची कुठून? २००१ आणि २०११ च्या जनगणनांमध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. बागांमधले नेपाळी गडी असतात तेव्हा हाक मारली की धावून येतात, पण आंबा संपला की जूनमध्ये ते जातात. म्हणजे पाखाडी सर्वात वाईट असते तेव्हाच वाडीत हात सर्वात कमी असतात.

त्यामुळे घरापर्यंत निदान रिक्षा येईल एवढी वाट होते का, ते आजपासून बघा. वाट सार्वजनिक असेल तर ग्रामसभेत मागणी करा आणि पाठपुरावा सोडू नका. शेजाऱ्याच्या गडग्यातून, म्हणजे दगडी कुंपणातून, जात असेल तर मग तुमचं गोड बोलणं कामाला लावा. काहीच होत नसेल तर मी स्पष्ट सांगेन, मूळ घर देवदिवाळी-गणपतीला ठेवा आणि रस्त्यालगतच्या तुकड्यावर दोन खोल्यांचं घर बांधा. वास्तूचा जीव दुखावेल असं वाटतं खरं. मात्र वास्तू तुम्हाला उचलून रस्त्यावर नेत नाही.

घराच्या आतलं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी काही गोष्टी कोकणातल्याच आहेत. ओटीवर रॅम्प बांधीन म्हणालात. चाकाच्या खुर्चीच्या रॅम्पला एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. जोतं तीन फुटांचं असेल तर ३६ फूट, म्हणजे तो अंगण ओलांडून तुळशीपाशी जाईल. त्यापेक्षा मागचं दार बघा. उतारावरच्या घरांना मागची जमीन बहुधा वर असते आणि परसदारी एक-दोनच पायऱ्या निघतात. तिथून रॅम्प सहज बसतो. पुढच्या पायऱ्या सहा इंचांच्या, रुंद करा, दोन्ही बाजूंना कठडा घाला आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरा पट्टा ओढा. मोतीबिंदू असलेल्याला चिऱ्याची पायरी आणि चिऱ्याचं अंगण एकच दिसतं.

संडास परसात असेल तर तो आत, निजायच्या खोलीला लागून आणा. रात्री दोनदा उठणारा माणूस पावसात बॅटरी घेऊन बाहेर जातो, तिथेच घसरतो. त्यात फुरसं, घोणस यांचा हा मुलूख. दांडे बसवताना गवंड्याला सांगा की चिऱ्यात साधा प्लग ठोकून चालणार नाही. चिरा भुसभुशीत असतो, माणसाचा भार आला की खिळ्यासकट दांडा हातात. तिथला चिरा काढून काँक्रीट भरायला लावा. फरशी खरखरीत घ्या. हल्ली सगळ्यांना आरशासारख्या लाद्या हव्यात. आषाढात त्यांना ओल सुटते आणि कुणी पाणी न सांडताही घर निसरडं होतं. आमच्या सासूबाई शेणाच्या जमिनीवर आयुष्यभर वावरल्या, त्या पडल्या नव्या लादीवर. दार तीन फुटी ठेवा. जुन्या घरांत माजघरातून स्ट्रेचर वळत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलंय. उंबरठा काढवत नसेल तर राहू द्या, दोन्ही बाजूंना लाकडी उतार करून घ्या.

विहिरीला कठडा आणि वर जाळी हवीच. विसराळूपणा वाढलेलं माणूस पहाटे पाणी काढायला उठतं, चाळीस वर्षांची सवय असते ती.

आणि तुमच्यासाठी खास: मे महिन्यात कौलं परतायला स्वतः वर चढायचं नाही. साठीच्या पुरुषांना "एवढं तर मीच करतो" अशी हौस असते. माझ्या नोकरीत कमरेचं हाड मोडलेल्यांत छपरावरून आणि झाडावरून पडलेले बाप्येच नजरेत भरायचे. वहिनींना म्हणावं, शिडी शेजारी देऊन टाका.

दवाखान्याचा हिशेब आधीच करून कागदावर लिहा. गावचं उपकेंद्र कुठे, प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर असतात का, सर्पदंशाची लस आहे का, सीटी स्कॅन कुठे होतो. शेवटचं महत्त्वाचं. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन हवाच. तुमच्या घरापासून खुर्ची, रिक्षा, गाडी, रत्नागिरी असा वेळ मोजा. रात्रीचा मोजा, पावसातला मोजा. अर्जुना नदीला पूर आला की राजापूरची बाजारपेठ पाण्यात असते, आणि अणुस्कुरा घाटात दरड आली की कोल्हापूरचा रस्ता बंद. म्हणून दुसरी वाटही ठरलेली असावी. वेळ सगळ्यात जास्त जातो तो मात्र रस्त्यात जात नाही. तोंड वाकडं झालेलं, हात उचलत नाही, शब्द जड येतात, तरी "पित्त झालं असेल, सकाळी बघू" म्हणून लिंबूपाणी देत बसतात. वहिनी, तुम्ही हे वाचत असाल तर यांच्या "मला काही झालं नाही" वर विश्वास ठेवू नका.

आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, मीठ-मिरची, सुकी मासळी, लाकडं भरतो त्यातच महिनाभराची औषधं धरा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने खांब आडवे केले तेव्हा गावोगाव दिवसचे दिवस वीज नव्हती, इन्व्हर्टर पहिल्याच रात्री झोपले. पाण्याचा पंपही बंद, म्हणून रहाट काढून टाकू नका. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा मुंबईकडून गाडीही येत नव्हती आणि रेल्वेही. मुलगी परदेशात आहे म्हणून खंत करता, ती ठाण्यात असती तरी त्या दिवशी पोचली नसती. शेजार सांभाळा, हाच त्याचा अर्थ. घराची एक किल्ली शेजारच्या घरात असू द्या, आणि सकाळी ओटीवर दिवा विझला नाही किंवा दार उघडलं नाही तर हाक मारायची, एवढं बोलून ठेवा. आशाताईंचा (गावच्या आरोग्य स्वयंसेविकेचा) नंबर भिंतीवर लावा. पेन्शनचा हयातीचा दाखला पोस्टमन घरी येऊन करून देतो, त्यासाठी तालुक्याला जायला नको.

एक विषय कुणालाच नको असतो. दोघांपैकी एकाला अंथरुणात कूस बदलून द्यावी लागली आणि दुसऱ्याला ते जमेना, तर काय? शेवटी व्हेंटिलेटर हवा की नको? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. मुलीशी फोनवर नको, ती येईल तेव्हा समोर बसून बोला. घरी राहणं कधी थांबवायचं, हेही त्याच बैठकीत ठरवा. ठरलेलं नसलं की दवाखान्याच्या बाकावर बसून, रडत, चुलत्यांच्या सल्ल्याने ठरतं.

शेवटी एक विचारते, वहिनींना विचारलंत का? प्रश्नात सगळीकडे "आम्ही" आहे, पण कोकणातल्या घरी परत जायची ओढ बहुतेक वेळा पुरुषाची असते आणि चूल, पाणी, पाहुणे बाईच्या वाट्याला येतात. चाकरमान्यांना गाव दिसतं ते मे महिन्यात आणि गणपतीत, घरं भरलेली असतात तेव्हा. येत्या जुलैत दोघांनी महिनाभर येऊन राहा. संध्याकाळी वाडीत किती घरांत दिवा लागतो ते बघा, कपडे वाळत नाहीत, नेट जातं, मासळी मिळत नाही, ते सगळं बघा. त्यानंतर वहिनी "राजापुरात किंवा रत्नागिरीत भाड्याने खोली घेऊ, इथे येऊन-जाऊन राहू" म्हणाल्या, तर तोही उत्तम मार्ग आहे. एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर तेही नाही.

जोत्याची उंची, मागच्या दाराचा फोटो आणि रस्त्यापासूनचं अंतर इथे खाली टाकलंत, तर रॅम्प आणि न्हाणीघराचं नेमकं काय करता येईल ते सांगते.