क्रिस्पस ॲटक्स शाळेच्या १९५५ च्या बास्केटबॉलमधल्या विजयाने अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातला वर्णभेद संपला का? आणि त्यांच्या खेळात वेगळं काय होतं?

नाही, संपला नाही. तुम्ही प्रश्नात 'अख्ख्या शहराने पोरांना डोक्यावर घेतलं' असं लिहिलंय, म्हणून हे लिहायला बसलो. मी बरीच वर्षं इंडियानापोलिसमध्ये राहतो. हेच वाक्य माझा मेहुणा दर भेटीत ऐकवतो.

ही शाळाच मुळात काळ्या मुलांना वेगळं काढण्यासाठी १९२७ मध्ये उघडली. त्याआधी ती मुलं शहरातल्या इतर हायस्कूलांत शिकत होती. इंडियाना राज्याच्या बास्केटबॉल स्पर्धेत अशा शाळांना १९४२ पर्यंत प्रवेशच नव्हता. शाळेचं जिम्नॅशियम इतकं लहान की 'घरचे' सामनेही परक्या मैदानावर. अशा शाळेने १९५५ मध्ये गॅरी रूझवेल्ट या शाळेला ९७-७४ हरवून राज्याचं अजिंक्यपद जिंकलं. इंडियानापोलिसच्या कुठल्याही शाळेचं ते पहिलं अजिंक्यपद. गॅरी रूझवेल्टही काळ्या मुलांचीच शाळा होती, हे फार कमी लोक सांगतात.

आता मिरवणूक. मेहुणा म्हणाला, "दाजी, अग्निशमन दलाच्या गाडीवरून मिरवलं त्यांना, अजून काय पाहिजे होतं?" मी काही बोललो नाही. त्याला गाडीत घातलं आणि मॉन्युमेंट सर्कलला नेलं. भर शहरातला गोल चौक, मधोमध उंच स्मारक. रविवारची सकाळ, रस्ता मोकळा. एक फेरी मारली आणि त्यालाच घड्याळ बघायला लावलं. मिनिटभराचं काम. त्या रात्री संघाची गाडी इथे एवढीच फिरली आणि पोरांना तडक काळ्यांच्या वस्तीकडे, नॉर्थवेस्टर्न पार्कात नेलं. जल्लोष तिथे करा म्हणून. शहराच्या मध्यभागी काळ्यांची गर्दी नको होती. त्या संघाचा सर्वांत मोठा खेळाडू ऑस्कर रॉबर्टसन जल्लोष अर्धवट सोडून घरी गेला. सोळा वर्षांच्या पोराला जे कळलं, ते माझ्या पन्नाशीच्या मेहुण्याला कळत नाही. "खेळात कशाला आणता हे सगळं?" म्हणे. अरे, आम्ही नाही आणलं. गाडी कुठे वळवायची हे ज्यांनी ठरवलं, त्यांनी आणलं.

तुम्हालाही हेच सांगेन. कोणी मिरवणुकीचं कौतुक सांगायला लागलं, तर ती कुठून कुठे गेली ते आधी विचारा. दोन मिनिटांत वाद मिटतो. आमचा मिटला नाही, कारण मेहुणा ऐकून घेत नाही.

आणि कागदावरचं म्हणाल, तर वेगळ्या शाळा ठेवायच्या नाहीत असा कायदा राज्याने १९४९ मध्येच केला होता. तरी १९५५ मध्ये ॲटक्समध्ये सगळी मुलं काळीच होती. शहराच्या शाळा वर्णभेद करतात हे न्यायालयाला १९७१ मध्ये सांगावं लागलं.

हेही खरं की गोऱ्यांतही मनापासून टाळ्या वाजवणारे असणार. सगळ्यांना एका मापाने मोजत नाही मी.

खेळाबद्दल थोडक्यात: प्रशिक्षक रे क्रो यांनी पोरांना वेगात खेळवलं, पण डोकं शांत ठेवायला शिकवलं. त्याच वर्षी मन्सी सेंट्रल या शाळेविरुद्ध एकाच गुणाची आघाडी होती, ७१-७०. शेवटच्या क्षणी समोरच्यांचा पास ऑस्करने मधेच पकडला आणि सामना वाचवला. पुढच्या वर्षी ३१ पैकी ३१ सामने जिंकून त्यांनी पुन्हा राज्याचं अजिंक्यपद घेतलं.