घरचा कोंबडा आणि न उतरणारा घास

प्रश्न : मुंबईची नोकरी सोडून गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी राहायला आलो. खुडुक कोंबडीखाली अंडी ठेवली, त्यातून पाच कोंबडे निपजले. ते घरी खायचे हे आधीच ठरलं होतं. गेल्या रविवारी पहिला कापला. तो इतका वेळ फडफडत राहिला की जेवताना माझा घास उतरेना. शेजारी हसतात. सात वर्षांची मुलगी उरलेल्यांतल्या एकाला शेरू म्हणते, हातावर दाणे देते. तिला ‘एक पळून गेला’ असं सांगितलंय. बाकीच्या चौघांचं काय करू? की हा नादच सोडू?

उत्तर : यात हसण्यासारखं काही नाही. माझी उभी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली, माहेरी खुराडं होतं, तरी आपला कोंबडा कापायचा म्हटलं की आदल्या रात्री झोप नीट लागत नसे. सवयीने हे पुरतं जात नाही. थोडं सोपं करता येतं, पण त्याची सुरुवात पिल्लं लहान असतानाच करावी लागते.

माझी आई पिल्लांना तुरे फुटू लागले की वाटणी करून टाकायची. एक वंशाला, एक राखणेचा, म्हणजे राखणदार देवाला द्यायचा, बाकीचे खायला. राखणेच्या कोंबड्याशी कोणी लाडात येत नसे, तो जाणार हे पोरासोरांनाही ठाऊक असे. तुम्हीही खायच्या कोंबड्यांच्या पायात रंगीत दोरा बांधा. दाणापाणी, रानीखेतची लस, सगळं त्यांना इतरांइतकंच द्या. नाव तेवढं ठेवू नका.

चौघेही राहू देत, असं मनात येईल. ते निभत नाही. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे. जास्त झाले की आपसात झुंजतात आणि कोंबड्यांवर इतके चढतात की त्यांच्या पाठीची पिसं जाऊन कातडं उघडं पडतं. अशी कोंबडी दवाखान्यात आणून बायका म्हणायच्या, ‘हिला रात्री काहीतरी चावलं.’

आता फडफडीचं. मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा धारदार सुरीने एका दमात कापल्या की काही सेकंदांत शुद्ध जाते. पुढची फडफड नुसती स्नायूंची, तेव्हा त्याला काही कळत नसतं. खरे हाल होतात ते आधी : अंगणभर पाठलाग, मग पाय धरून उलटा लोंबकळत नेणं. आदल्या संध्याकाळी त्याला डालग्याखाली ठेवा. दाणे नकोत, पाणी असू दे. पहाटे अंधारातच उचला, तेव्हा तो गडबड करत नाही. पंख अंगाशी दाबून काखेत धरा आणि बाकीच्या कोंबड्यांपासून लांब न्या. सुरीला धार आदल्या दिवशीच लावा. हात थरथरत असेल तर कापूच नका, हे काम नेहमी करणाऱ्याला बोलवा. त्यात कमीपणा कसला? हसणाऱ्यांपैकी किती जण स्वतः कापतात, तेही एकदा बघा.

त्या दिवशी खाऊही नका. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की गावठी मटण मऊ पडतं, आणि तुमच्या डोळ्यांपुढून ती पहाट जराशी सरकते. वडे-सागोतीचा बेत दुसऱ्या दिवशी करा. तरीही घास उतरला नाही तर डाळभात जेवा, घरच्यांना खाऊ दे.

मुलीला मात्र खरं सांगा, आणि लवकर. नाहीतर वाडीतलं एखादं पोर सांगेलच, तोवर ती बिचारी ‘पळालेल्या’ला शोधत फिरेल. कापला, आपण खाल्ला, एवढं पुरे. रडेल. महिनाभर चिकनला शिवणार नाही म्हणाली तर आग्रह करू नका.

शेरूला वंशाला ठेवा. त्याच्याच तलंगा, म्हणजे त्याच्यापासून झालेल्या तरण्या कोंबड्या, अंड्यावर आल्या की मात्र तो चालणार नाही, जवळच्या रक्तात पिल्लं अशक्त निपजतात. तेव्हा लांबच्या वाडीतल्या कुणाशी कोंबड्याची अदलाबदल करा. तो माणूस शेरूला पाळणार की रविवारी शिजवणार, हे आधी विचारा आणि जे उत्तर येईल ते मुलीला सांगा.

नाद सोडायचाच असेल तर कोंबडी खुडुक बसवू नका. रोजची अंडी उचला, नव्या तलंगा विकत आणा, म्हणजे कोंबड्यांचा प्रश्न मिटला. पण अंडी द्यायची थांबलेल्या म्हाताऱ्या कोंबड्यांचं काय करायचं, तेही आणतानाच ठरवून ठेवा.