घरखर्चाला आणि खरेदीला शाळेतलं नेमकं कोणतं गणित लागतं?

तुम्ही लिहिलंय की पहिलीच नोकरी आहे, पुण्यात एकट्या राहता, दहावीनंतर गणिताशी संबंध सुटला, महिनाअखेर पैसे पुरत नाहीत आणि दुकानात छोटं पाकीट घ्यावं की मोठं हे कळत नाही. मग कोणतं गणित पुन्हा शिकावं?

आमचं किराणा दुकान आहे आणि त्याचा हिशेब मी बघते. त्यावरून सांगते, एकमान पद्धत आली की झालं. दुकानात प्रत्येक वस्तूचा भाव एका किलोवर किंवा लिटरवर आणायचा आणि घरी प्रत्येक खर्च एका महिन्यावर आणायचा. शेकडेवारी लागते, पण तीही थोडीच.

भाव किलोवर आणायला प्रत्येक वेळी भागाकार करत बसावं लागत नाही. २०० ग्रॅम असेल तर पाचपट, २५० असेल तर चौपट, ४०० असेल तर अडीचपट. ७५० ग्रॅमला किमतीचा तिसरा हिस्सा काढून तो किमतीत मिळवायचा. म्हणजे २५० ग्रॅम चहा १४० रुपयांना असेल तर तो ५६० रुपये किलो पडला. किलोचं पाकीट ५२० ला असेल तर ४० रुपये वाचतात. पण एकट्या माणसाला किलोभर चहा संपवायला किती महिने लागतील आणि तोवर त्याचा वास टिकेल का, हेही बघा. वाण्यांच्या जुन्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे, पाठ असायचे, ते याचसाठी. ३६ रुपये किलोची वस्तू पाऊण किलो घेतली तर निम्मे १८, त्याचे निम्मे ९, झाले २७. इतकं तोंडी जमलं की कोणाचंही बिल डोळ्यांनीच तपासता येतं.

पाकिटावर आता एमआरपीजवळ एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दर छापलेला असतो. तो जरूर वाचा, पण जपून. किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमचा असतो आणि किलोच्या वरच्या पाकिटावर किलोचा, त्यामुळे ग्रॅमच्या दराला हजाराने गुणल्याशिवाय तुलना होत नाही. शिवाय दशांशानंतर दोनच अंक असतात. ५०० ग्रॅम कपड्यांची पावडर ६२ रुपयांना असेल तर ग्रॅमला ०.१२४ पडतात, छापलेले दिसतात ०.१२. किलोमागे ४ रुपये तिथेच नजरेआड होतात.

मोठं पाकीट स्वस्तच असतं असं समजू नका. शाम्पूची छोटी पुडी मिलिलिटरच्या हिशेबाने बाटलीपेक्षा स्वस्त पडते, असं आमच्या दुकानात अनेकदा दिसतं. दहा रुपयांच्या पुड्यात ६५ ग्रॅमऐवजी ५५ ग्रॅम माल आला, तर किंमत तीच दिसते, पण भाव १८ टक्के वाढलेला असतो. म्हणून किमतीआधी वजन वाचा.

तेलात लोक सर्वात जास्त फसतात, म्हणून ते नीट सांगते. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. लिटरची पिशवी १४५ ला आणि सुटं तेल १५५ रुपये किलो असेल, तर पिशवी स्वस्त वाटते. लिटरच्या भावात दहावा हिस्सा मिळवा, अंदाजे किलोचा भाव निघतो: १४५ आणि साडेचौदा, म्हणजे १५९ रुपये ५० पैसे. सुटं तेलच स्वस्त निघालं! (सुटं तेल घ्यायचं की नाही हा वेगळा प्रश्न. मी स्वतः सीलबंदच घेते.) डब्याचंही तसंच. १५ लिटरच्या डब्यात साधारण १३ किलो ६५० ग्रॅम तेल असतं. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा यांत जवळजवळ दीड लिटरचा फरक आहे.

सवलतींचं थोडक्यात. तिनावर एक मोफत म्हणजे २५ टक्के सूट, ३३ नव्हे. "२५ टक्के जास्त माल" म्हणजे २० टक्के सूट. ५० टक्क्यांवर आणखी २० म्हणजे ७० होत नाहीत. हजाराचे ५००, त्याचे ४००, सूट ६० टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, तेव्हा अनेक गिऱ्हाइकं म्हणायची की किंमत १३ टक्क्यांनी उतरायला हवी. पण कर मूळ किमतीवर लागतो. ११८ ची वस्तू १०५ ला यायला हवी, आणि ते होतात ११ टक्के.

भाजीत मात्र जे टाकून दिलं तेही हिशेबात धरा. टोमॅटो ४० रुपये किलो आणि १२ रुपये पाव. पाव महाग, कारण किलोला ४८ पडले. पण किलोभर आणून पाव किलो सडले, तर खाल्लेल्या टोमॅटोंचा भाव ५३ झाला. एकट्या राहणाऱ्यांनी पाव किलोच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता महिन्याचं. पैसे पुरत नाहीत त्याचं कारण बहुधा भाजी नसून वर्षातून एकदाच येणारे खर्च असतात. विम्याचा हप्ता ९,६०० आणि दिवाळीला गावी जाणं, देणंघेणं मिळून ८,४००, असं धरू. बेरीज १८,०००, भागिले १२, म्हणजे १,५००. पगार झाला की भाड्यासोबतच हे १,५०० वेगळ्या खात्यात टाका. मोबाइलचा २८ दिवसांचा रिचार्ज वर्षात १२ वेळा नाही, १३ वेळा करावा लागतो, तेही धरा. सिलिंडर लावल्याची तारीख लिहून ठेवा. ९०० रुपयांचा सिलिंडर ६० दिवस गेला तर गॅस महिन्याला ४५० चा.

भाडं, वीज, बचत आणि हे सगळं बाजूला काढून उरेल त्याला महिन्याच्या उरलेल्या दिवसांनी भागा. २० तारखेला सकाळी ४,४०० उरलेत आणि महिना ३० चा आहे, तर ११ दिवस, रोजचे ४००. त्या दिवशी ६५० गेले तर मनाला लावून घेऊ नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा भागा. ३,७५० भागिले १०, म्हणजे आता रोजचे ३७५.