संभाव्यता काढताना कोष्टक नेमकं कसं वापरायचं?

तुमची अडचण मला अशी समजली: दोन फासे किंवा दोन नाणी आली की बेरीज करायची की गुणाकार, हे ठरत नाही. 'किमान एक' असे शब्द आले की उत्तर चुकतं. कोणीतरी 'कोष्टक मांड' म्हणून सांगितलं, पण ते मांडून पुढे काय करायचं हे सांगितलं नाही.

मी गणित शिकवतो आणि संभाव्यतेची सुरुवात कायम कोष्टकानेच करतो, सूत्रं नंतर. कारण कशाला कशाने भागायचं, हे कोष्टक डोळ्यांसमोर ठेवतं. एकदा ते दिसलं की अर्धी सूत्रं पाठ करावीच लागत नाहीत.

दोन फाशांपासून सुरुवात करू. एक फासा लाल आणि दुसरा पांढरा समजा. रंग वेगळे धरणं फार महत्त्वाचं आहे, त्याचं कारण पुढे येईल. कागदावर सहा ओळी आणि सहा स्तंभ आखा. ओळी लाल फाशाच्या, स्तंभ पांढऱ्या फाशाचे. एकूण ३६ चौकटी झाल्या. फासे खोटे नसतील तर प्रत्येक चौकट येण्याची शक्यता सारखीच, म्हणजे १/३६. आता प्रत्येक चौकटीत दोन्ही अंकांची बेरीज लिहा. हे कोष्टक खरोखर हाताने भरा, नुसतं वाचून सोडू नका.

भरल्यावर दिसेल की ७ हा अंक वरच्या उजव्या कोपऱ्यापासून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत तिरका उतरत जातो. सहा चौकटी, म्हणून ७ येण्याची संभाव्यता ६/३६, म्हणजे १/६. त्याच्या दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेषा एकेका चौकटीने आखूड होत जातात. २ पासून १२ पर्यंत बेरजांच्या चौकटी मोजल्या तर १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १ अशा येतात. ही ओळ जपून ठेवा, ती पुन्हा लागणार आहे.

आता 'किमान एका फाशावर ६'. बरेच जण १/६ आणि १/६ मिळवून १/३ म्हणजे १२/३६ सांगतात. कोष्टकात लाल फाशावर ६ असलेली शेवटची ओळ रंगवा, मग पांढऱ्यावर ६ असलेला शेवटचा स्तंभ रंगवा. कोपऱ्यातली (६, ६) ही चौकट दोनदा रंगली, पण चौकट एकच आहे. म्हणून ६ + ६ − १ = ११, आणि उत्तर ११/३६. 'सामाईक भाग वजा करा' हा पुस्तकातला नियम म्हणजे ही एक चौकट. न रंगलेला भाग पाहा: पाच बाय पाच, २५ चौकटी. तो ३६ मधून वजा केला तरी ११ च येतात. 'किमान एक' दिसलं की 'एकही नाही' मोजून वजा करतात, ते यामुळेच.

गुणाकाराचंही तेच. 'दोन्हींवर ६' म्हणजे आधी कोष्टकाचा एक षष्ठांश भाग (एक ओळ) आणि मग त्या ओळीचा एक षष्ठांश (एक चौकट). भागाचा भाग घेतला की गुणाकार. दोन वेगळे भाग एकत्र केले की बेरीज, सामाईक चौकट असेल तर ती एकदाच धरून.

रंग वेगळे का धरायचे? नाही धरले तर (३, ५) आणि (५, ३) या दोन चौकटी एकच वाटतात, आणि कमी-जास्त शक्यतेच्या गोष्टी सारख्याच मोजल्या जातात. अशी चूक मोठ्यांकडूनही झाली आहे. दालांबेर हे अठराव्या शतकातले मोठे फ्रेंच गणिती. नाणं दोनदा उडवलं तर एकदा तरी छापा पडण्याची संभाव्यता २/३ आहे, असं त्यांनी १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशातल्या नोंदीत मांडलं. त्यांचा विचार असा की पहिल्यांदाच छापा पडला तर खेळ संपला, म्हणून शक्यता तीनच: छापा, काटा-छापा, काटा-काटा. दोन बाय दोनचं कोष्टक मांडलं की चार चौकटी दिसतात आणि त्यांतल्या तिनांत छापा असतो, म्हणून उत्तर ३/४. यादीत तीनच गोष्टी आहेत, पण त्या समसंभाव्य नाहीत, म्हणजे प्रत्येक येण्याची शक्यता सारखी नाही. 'बेरजा २ ते १२ अशा अकरा, म्हणून प्रत्येकीची संभाव्यता १/११' म्हणणाऱ्याचीही चूक हीच. चौकटी मोजण्याआधी प्रत्येक चौकट सारख्याच वजनाची आहे ना, हे बघायचं. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात याहून मोठी अट नाही.

थैलीतून परत न टाकता चेंडू काढायचे असतील तर कोष्टक थोडं बदलतं. तीन लाल, दोन निळे; एकामागून एक दोन काढायचे. पाच बाय पाच आखा, पण कर्णावरच्या पाच चौकटी खोडा, कारण तोच चेंडू दुसऱ्यांदा येणार नाही. उरल्या २०. दोन्ही लाल असलेल्या चौकटी ९ मधून कर्णावरच्या ३ गेल्या, राहिल्या ६. उत्तर ६/२०, म्हणजे ३/१०. चेंडू परत टाकला असता तर कर्ण राहिला असता आणि उत्तर ९/२५ आलं असतं.

सशर्त संभाव्यतेत, म्हणजे आधी काही माहिती मिळाल्यावर काढायच्या संभाव्यतेत, कोष्टकाचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. 'बेरीज ८ आली आहे हे कळलं, तर एका फाशावर ५ असण्याची संभाव्यता किती?' बेरीज ८ च्या पाच चौकटी सोडून बाकी कोष्टक झाका. उरलेल्या पाचांपैकी ५ असलेल्या दोन, (३, ५) आणि (५, ३). उत्तर २/५. माहिती मिळाली की छेद ३६ चा ५ होतो, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच.

चौकटी सारख्या वजनाच्या नसतील, तर चौकटीत माणसं भरा. समजा एक आजार शंभरात एकाला आहे. तपासणी शंभर आजारी माणसांतली ९० पकडते आणि निरोगी माणसांतल्या ५ टक्क्यांना चुकून आजारी ठरवते. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत. दहा हजार माणसं घ्या:

| | तपासणीत आजारी | तपासणीत निरोगी | एकूण |
|---|---|---|---|
| खरंच आजारी | ९० | १० | १०० |
| खरंच निरोगी | ४९५ | ९४०५ | ९९०० |
| एकूण | ५८५ | ९४१५ | १०००० |

तपासणीने आजारी ठरवलेला माणूस खरंच आजारी असण्याची संभाव्यता? पहिला स्तंभ सोडून सगळं झाका: ९०/५८५, जेमतेम १५ टक्के. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं तर ९०/१००, म्हणजे ९० टक्के. अंश दोन्हीकडे ९० च आहे, पण प्रश्न वेगळे आहेत. अशा गणितात आधी 'कोणांपैकी?' असं विचारायचं आणि मग ओळ की स्तंभ ते ठरवायचं.

तीन फाशांना २१६ शक्यता होतात, त्या कागदावर मांडणं जिकिरीचं. इथे मघाची जपलेली ओळ कामी येते. तिघांची बेरीज १० हवी असेल तर तिसऱ्या फाशावर १ ते ६ पडल्यास पहिल्या दोघांची बेरीज अनुक्रमे ९, ८, ७, ६, ५, ४ लागते. त्यांच्या चौकटी ४ + ५ + ६ + ५ + ४ + ३ = २७. बेरीज ९ साठी ५ + ६ + ५ + ४ + ३ + २ = २५. क्रम न पाहता तीन अंकांचे गट मात्र दोन्हींचे सहा-सहाच आहेत, तरी १० जास्त वेळा का पडतो, हा जुगाऱ्यांचा प्रश्न गॅलिलिओने क्रम वेगळे मोजूनच सोडवला होता.

सरावासाठी हेच ३६ चौकटींचं कोष्टक घ्या आणि बेरजेऐवजी दोन अंकांतला मोठा अंक लिहा. सारखे असतील तर तोच. १ पासून ६ पर्यंतच्या चौकटी १, ३, ५, ७, ९, ११ अशा यायला हव्यात. त्यांची बेरीज ३६ आली नाही, तर एखादी चौकट सुटली आहे किंवा दोनदा मोजली गेली आहे.