वाचक विचारतात: कोल्हापुरी शिकायची आहे

प्रश्न: ताई, २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडच्या मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि गदारोळ झाला, तेव्हापासून डोक्यात बसलंय की एक जोड स्वतःच्या हाताने बनवायचा. ऑनलाइन लेदर किट मागवलं, ढीगभर व्हिडिओ बघितले, पण माझा पट्टा एकीकडे जाड, एकीकडे पातळ येतो. आयटीत आहे, वय ३१. उशीर झाला का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर: वयाचं सोडा हो, तुमची रापी (चामडं कापायचं पातं) बोथट असणार! किटमधलं पातं लखलखीत दिसतं पण त्याला धार म्हणावी अशी नसते, मग चामडं कापलं न जाता ओढलं जातं आणि पट्टा वाकडा येतो. मी शिकायला बसले तेव्हा कारागीर काकांनी पहिले दोन रविवार चामड्याला हातच लावू दिला नाही, फक्त दगडावर पाणी टाकून रापी घासायला लावली, मला वाटलं हे टाळतायत. तिसऱ्या रविवारी एक तुकडा पुढे टाकला, आणि पातं लोण्यात गेल्यासारखं गेलं.

आधी एक चांगला जोड घ्या आणि उलटा करून नीट बघा. अस्सल पारंपरिक जोडात खिळा नसतो, तळाचे थर दोऱ्याने नाही तर चामड्याच्याच बारीक वादीने शिवलेले असतात. तळाला बहुतेक म्हशीचं जाड चामडं, वरच्या वेणीला मऊ. हिरडा आणि बाभळीची साल यांच्या पाण्यात मुरवलेलं चामडं असेल तर वास वेगळाच येतो, एकदा ओळखीचा झाला की रेक्झिन लांबूनच कळतं. आणि "कोल्हापुरी" म्हटलं तरी २०१९ चं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आठ जिल्ह्यांना मिळून आहे, आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे शिकायला कोल्हापूरच्या चप्पल लाईनलाच जायला पाहिजे असं काही नाही, सोलापूरकडे नातेवाईक असतील तर तिकडे चौकशी करा.

एक गोष्ट मात्र स्पष्टच सांगते. ढोर समाजाने चामडं कमावलं, चर्मकार समाजाने जोड शिवले, आणि गावाने चप्पल पायात घातली पण बनवणाऱ्याला वेशीबाहेर ठेवलं. आपण वीकेंडला हौस म्हणून जातो, त्यांच्या घरातली पोरं त्याच कामापासून लांब पळतायत, त्यांचंही चूक नाही. म्हणून फुकट शिकवा म्हणू नका. ते दिवसभरात जेवढं कमावतात तेवढे पैसे त्या दिवसाचे द्या, आणि जोड घेताना घासाघीस नको. सुरुवात दुरुस्तीने करा. चपलेचा तुटलेला अंगठा (पायाचा अंगठा अडकवायची पट्टी) बदलायचा, सुटलेली वादी ओवायची. पूर्ण जोडाचं नंतर बघू.

प्रश्न: मुलगी (१२) सुतारकाम शिकू म्हणते. रंधा मारताना लाकूड खरखरीत होतं, तुकडे उडतात. (एक आई, चिपळूण)

उत्तर: लाकडाच्या रेषांच्या उलट दिशेने रंधा चालतोय. फळीच्या कडेला रेषा कोणत्या दिशेने वर चढतायत ते बघा आणि त्याच दिशेने रंधा मारायला सांगा, मांजराला कुरवाळतो तसं. सागापेक्षा स्वस्त लाकडावर शिकू दे. पटाशी (लाकूड तासायची छिन्नी) वापरताना दुसरा हात कायम पात्याच्या मागे, हे सोडून बाकी काही सांगत बसू नका तिला. जमल्यास सावंतवाडीच्या चितारआळीत एक चक्कर मारा, लाकडी फळं-भाज्या बघून पोरगी घरी येऊन स्वतःच कामाला लागेल.

प्रश्न: कोल्हापुरी पावसात भिजली, काय करू? (घाईत, ठाणे)

उत्तर: कोरड्या फडक्याने पुसा, आत पेपर कोंबा, सावलीत वाळवा, नंतर तेलाचा हलका हात. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच नको. माझा एक जोड मी हीटरसमोर ठेवला होता, त्याचे दोन्ही बाजूंचे कान (पट्ट्याच्या कडेच्या चामडी पाकळ्या) अजून सशासारखे उभे आहेत.