आधी गाऱ्हाणं लिही

अगं,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. तू चालवलेलं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं, म्हणजे टेबलाभोवती बसून बोलत खेळायच्या गोष्टीच्या खेळाचं, रविवारचं सेशन फसलं हे तू चार प्रकारे सांगितलं आहेस, एकदा पुरलं असतं. खेळाडू पाण्याखालच्या देवळात शिरले, मासेतोंड्या भक्तांनी नामघोष सुरू केला, तू खर्जातला आवाज लावून त्यांच्या शेवंडाच्या डोक्याच्या देवीला, समुद्रमातेला, वर आणलंस आणि टेबलावरून कोणीतरी विचारलं, "हिला रव्यात घोळवून तळायची की कालवण करायचं?" झालं. पुढचा तास कोळंबीवरचे विनोद. आता तू विचारतेस, शेवंडाचं डोकं काढून तिथे टेंटॅकल्स लावू का? तिचे हिट पॉइंट, म्हणजे मरेपर्यंत किती घाव सोसेल तो आकडा, तीनशेचे पाचशे करू का?

काही करू नकोस. शेवंड राहू दे. तिच्या ब्लिबडूलपूल्प या नावाला हसू येतंच, येऊ दे. तुझी देवी ठीक आहे, तुझे भक्त पोकळ आहेत. एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये त्यांच्या वाट्याला एक वाक्य आलंय: "ते तिची पूजा करतात." का करतात? त्यांच्या घरात काय कमी आहे? कोण आजारी आहे? हे तुला ठाऊक नसेल तर खेळाडूंना कुठून कळणार? मग ते कालवणच करणार.

तू सावंतवाडीकडची. गाऱ्हाणं म्हणजे काय हे मी तुला सांगायचं म्हणजे कमाल आहे. देवळात एक जण पुढे होतो आणि एका दमात मागणं मांडतो. मुंबईत गेलेल्या चाकरमान्यांना सुखरूप ठेव, कोणाचं लग्न अडलं असेल तर मार्गी लाव, कोणी वाकडं चिंतलं असेल तर ते त्याच्या पदरात घाल. मागून सगळे "व्हय म्हाराजा". आता आठवून बघ, त्यात देवाचं वर्णन किती असतं? त्याला हात किती, डोळे कसे, यातलं काही नाही. सगळं गावाचं. आणि तरी ते ऐकताना अंगावर काटा येतो की नाही? म्हणून सांगतो, आधी गाऱ्हाणं लिही. देव नंतर.

तुझ्या त्या मासेतोंड्यांकडे, क्युओ-टोआंकडे, तर मागायला ढीगभर आहे. या खेळाच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, त्याने त्यांना १९७८ साली आणलं, त्यांच्या देवळावरच्या साहसकथेत. ते देऊळ वाटेवर आहे, खाली भूगर्भातल्या ड्राओ एल्फांच्या राज्यात जाणाऱ्यांना तिथून जावं लागतं. अलीकडे नदी लागते, ती पार करून देणारा एक वेडसर क्युओ-टोआ नावाडी आहे. नीट वागलं तर लढाई टाळताही येते. म्हणजे पहिल्याच दिवसापासून ते चालतं-बोलतं देवस्थान होतं. आपण लोकांनी नंतर त्याचा कत्तलखाना केला.

त्यांचा इतिहास तू खेळाच्या राक्षसकोशात, मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, वाचला असशीलच, पण आकड्यांच्या चौकटीकडे, त्या स्टॅट ब्लॉककडे, जाताना घाईघाईत. परत वाच. ही मुळात किनाऱ्यावरची आणि बेटांवरची जमात. माणसांनी त्यांना हाकललं, ते भूगर्भात गेले. तिथे माइंड फ्लेअर्सनी, म्हणजे मनावर ताबा मिळवणाऱ्या राक्षसांनी, त्यांना गुलाम केलं आणि त्यांची मनं मोडली. मोडलेली मनं मग तशीच सोडून दिली. त्यानंतर ते दिसेल त्याचा देव करू लागले. २०१४च्या मॅन्युअलमध्ये तर असं सुचवलंय की ही समुद्रमाता त्यांनी बहुधा एका तुटक्या मानवी पुतळ्याला शेवंडासारखं डोकं आणि नांग्या बसवून घडवली. थांब इथे जरा. ज्या माणसांनी घर हिसकावलं, त्यांच्याच बाईचं धड यांच्या आईला आहे! यापुढे टेंटॅकल्स काय करणार?

आणि खरी मेख पुढे आहे. पुरेशा क्युओ-टोआंनी मनापासून मानलं तर देव खरोखर अवतरतो. त्यांच्या महापुजाऱ्याची शक्तीही त्या मानण्यातूनच येते. म्हणजे या जगात गाऱ्हाणं हेच देवाचं शरीर आहे. मग ते न लिहिता तू पाचशे हिट पॉइंट कुठून आणणार होतीस?

मी एकदा लिहिलं होतं, ते साधारण असं होतं:

"ज्यांनी आमचा किनारा घेतला, त्यांची जाळी फाटू दे. (व्हय माये.) जे आमच्या डोक्यात बसून बोलत होते, ते परत येऊ नयेत. (व्हय माये.) पिल्लांच्या तळ्यात यंदा आंधळे मासे कमी पडू नयेत. (व्हय माये.) मोत्यांचा हिशेब पुजाऱ्याच्या लेकीने चुकवला असेल, तर तो तिच्याकडून घे, आमच्याकडून नको. (व्हय माये.)"

माझ्या टेबलावर हे वाचलं तेव्हा कोणी हसलं नाही. दुसऱ्या ओळीला तर एकाने हातातला फासा खाली ठेवला. पुढे ते टेबल मोडलं हे खरं आहे. "काका लढाईच देत नाहीत, अख्खं सेशन पुजाऱ्यांच्या भाऊबंदकीत जातं," अशी तक्रार होती, तुझ्याही कानावर आली असेल. त्यातले दोघे आता फक्त बोर्डगेम खेळतात. वाईट वाटतं, चांगली मुलं होती. पण लढाई हवी असेल तर मोबाइलवर शंभर गेम आहेत. माणसं टेबलाभोवती बसतात ती कोणीतरी काहीतरी मागतंय हे ऐकायला. हे मी तेव्हाही म्हणत होतो.

माझं नाही पटत तर भयकथा लिहिणाऱ्या लव्हक्राफ्टकडे बघ. १९२८ साली छापून आलेल्या क्थुलूच्या कथेत लुइझियानाच्या दलदलीत नाचणारे भक्त आहेत. नुसता किंचाळणारा जमाव. त्यात त्याचा वर्णद्वेष उघडा दिसतो, आणि भीतीही वाटत नाही, कारण त्यांना काय हवंय तेच कळत नाही. आता त्याचीच इन्समाउथ गावाची कथा घे, १९३६ची. बंदर बसलंय, धंदा बुडालाय, मासळी मिळेनाशी झालीय. अशा वेळी कॅप्टन ओबेड मार्श दक्षिणेकडच्या बेटांवरून एक सौदा शिकून येतो: समुद्रातल्यांना हवं ते द्या, जाळी भरतील, सोनंही मिळेल. ते काय मागतात हे हळूहळू कळतं. वाचताना आपण मनात म्हणतो, त्या गावात असतो तर आपणही कदाचित मान डोलावली असती. तिथे भीती आहे. त्याच लेखकाला एकदा जमलं आणि एकदा नाही, आणि फरक फक्त गाऱ्हाण्याचा.

२०१५च्या 'आउट ऑफ द अ‍ॅबिस' या छापील मोहिमेतलं स्लूब्लूडॉप तू खेळलीस ना? डार्कलेकच्या काठची वस्ती. बाप समुद्रमातेचा महापुजारी, लेक "खोल पित्या"ची भक्त, आणि बाप पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या टोळीला, म्हणतो, जरा बळी जाण्याचं सोंग करा, मी तिला बेसावध गाठतो. घरातलं भांडण. त्या भांडणातून तळ्याच्या पाण्यावर दोन बबून-डोक्यांचा राक्षसराजा डेमोगॉर्गन उभा राहतो आणि कच्च्या लेव्हलच्या पार्टीला पळण्यावाचून इलाज नसतो. तो एवढा भिडतो कारण त्याच्या आधी आपण बाप-लेकीचं ऐकलेलं असतं.

"पण एवढं सगळं टेबलावर कसं आणू?" असं तू विचारणारच. व्याख्यान देऊ नकोस, एवढं कर. २०१४च्या मॅन्युअलमध्ये साध्या क्युओ-टोआला १८ हिट पॉइंट, आर्मर क्लास (वार लागणं किती कठीण तो आकडा) १३. त्याच्याकडे ती चिकट ढाल असते, वार चुकला की शस्त्र तिला चिकटून बसतं. तू रविवारी त्याचा फक्त नियम सांगितलास. तो गोंद लावतो कोण? देवळाच्या पायरीवर एक म्हातारी बसव. मांडीवर ढाल, बाजूला गोंदाचं मडकं, बोटं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ती सारखी ओली करतेय, आणि तोंडाने तेच गाऱ्हाणं पुटपुटतेय. अदृश्य झालेला चोर शेजारून गेला तर तिला तो जाणवतोच, नियमातच आहे. ती ओरडत नाही. मान वळवते आणि विचारते, "मोती आणलास?" बस. कालवणाचा विषय निघाला तर मला सांग.

हो, पाचशे हिट पॉइंट नाहीत म्हणून देवी मरेल ही तुझी भीती पुन्हा वाचली आणि पुन्हा चिडलो. मरू दे! भक्त शिल्लक असतील तर ती परत येईल, आणि येताना वेगळी येईल, कारण गाऱ्हाणं बदललेलं असेल. आता त्यात तुझ्या खेळाडूंची नावं असतील.

पुढच्या रविवारी असं करून बघ. पार्टीला वेषांतर करून आरतीत उभं राहावं लागेल अशी अडचण घाल. तू गाऱ्हाणं म्हण आणि त्यांना "व्हय माये" म्हणायला लाव, प्रत्यक्ष तोंडाने, टेबलावर. हसत म्हणाले तरी चालेल. या जगात मानणाऱ्यांचे आवाज मोजले जातात, हे त्यांना ठाऊक नाही. तू पडद्याआड मोजत जा.

गाऱ्हाणं शुक्रवारपर्यंत पाठव, स्टॅट ब्लॉक पाठवलास तर उघडणार नाही. मात्र किती "व्हय" झाले की ती वर येते, तो आकडा मला कळवू नकोस. पुढच्या महिन्यात मी तुझ्या टेबलावर खेळायला बसणार आहे.

तुझा,
काका