बिडाचं जुनं पॅन नक्की ओतलं कुणी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (एक वाचक ताई, कोलंबस, ओहायो): इथे एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं सगळं सामान विकायला काढतात तो सेल) बिडाचं जुनं स्किलेट, म्हणजे दांड्याचं तळायचं पॅन, घेतलं. हाताला बरंच हलकं लागतं, खाली फक्त ८ हा आकडा आणि मधोमध एक लांब खरबरीत रेघ आहे, नाव कुठेच नाही. विकणारे म्हणाले हे १८०० च्या काळातलं ग्रिसवोल्ड आहे. खरं असेल का? बनवणारा कसा शोधायचा?

उत्तर: ताई, पॅन फार छान मिळालंय तुम्हाला, पण ग्रिसवोल्ड हे नाव आत्ता बाजूला ठेवा. बिडाची भांडी ओतणारी ती फर्म १८६५ साली पेनसिल्व्हेनियातल्या ईरी शहरात सुरू झाली आणि त्यांच्या जुन्या पॅनवर बुडाला ‘ईरी’ असं शहराचंच नाव असायचं. आज त्या नावाला भाव आहे, म्हणून बिननावाचं काहीही जुनं दिसलं की त्याला ग्रिसवोल्ड म्हणून मोकळे होतात.

तुमची खरी खूण आहे ती रेघ. पूर्वी वाळूच्या साच्यात पॅन पालथं धरून वितळलेलं लोखंड सरळ बुडाच्या बाजूनेच आत सोडायचे, आणि थंड झाल्यावर त्या वाटेत थिजलेली पट्टी तोडून टाकायचे. तोडल्याचा जो व्रण राहतो तोच हा, त्याला गेट मार्क म्हणतात. पुढे लोखंड कडेने सोडायला लागले, व्रण काठावर गेला आणि तो घासून काढणं सोपं झालं. मोठ्या कारखान्यांत हा बदल साधारण १८९० पर्यंत झालेला होता, त्यामुळे तुमचं पॅन त्याच्या आधीचं असण्याची शक्यता जास्त, पण लहान फाउंड्र्या जुनी पद्धत पुढेही वापरत राहिल्या, म्हणून नुसत्या रेघेवरून साल पक्कं करू नका.

आता तो ८. हे इंच नाहीत, मोजून बघा, वरचा व्यास साडेदहा इंचांच्या आसपास भरेल. लाकूड-कोळशाच्या लोखंडी स्टोव्हला वर गोल झाकणं असायची, झाकण काढलं की त्या तोंडावर जे पॅन बसेल त्याला त्या तोंडाचा नंबर. नाव का नाही तेही यातच आलं बघा. त्या काळात गावोगावी स्टोव्ह ओतणाऱ्या फाउंड्र्या होत्या, त्यांचा खरा धंदा स्टोव्हचा, नाव-गाव-नक्षी सगळं स्टोव्हच्या दारावर, आणि पॅन-किटल्या म्हणजे त्याच्याबरोबरचा जोडमाल. पॅनवर नाव टाकायची गरजच कुणाला वाटली नाही.

त्यामुळे गेट मार्क आहे आणि एकही अक्षर नाही अशा पॅनचा कारखाना नुसत्या पॅनवरून ठरत नाही. ‘अमेरिकन, बनवणारा अज्ञात, बहुधा १८९० च्या आधीचं’ एवढंच लिहून ठेवा, आणि हे उत्तर कमी प्रतीचं आहे असं अजिबात समजू नका, खोटं नाव चिकटवण्यापेक्षा ते शंभर पटीने मोलाचं आहे. एक मात्र लगेच करा, ज्यांच्या घरचा सेल होता त्यांना विचारा की हे घराणं कुठल्या गावचं, पॅन कुणाकडून आलं. ती माहिती पॅनवर कुठेच लिहिलेली नसते आणि एकदा गेली की गेलीच.

प्रश्न (एक वाचक, पिट्सबर्ग): माझ्याकडच्या स्किलेटवर ‘वापॅक’ लिहिलंय, पण उजेडात तिरकं धरलं की त्याच्या मागे पुसट ‘ईरी’ दिसतं. डुप्लिकेट आहे का? आणि या वापॅकबद्दल कागदोपत्री काही शोधता येतं का?

उत्तर: दादा, डुप्लिकेट नाही, उलट अशा पॅनसाठी लोक वाट बघत असतात! वापॅक हॉलो वेअर ही ओहायोतल्या वापाकोनेटा गावची कंपनी, १९०३ ते १९२६ एवढंच आयुष्य. (चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग याच गावचे.) नवीन कंपनीला स्वतःचे पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा घ्यायचे मूळ नमुने, कोरून घेणं महाग पडायचं, मग सोपा मार्ग म्हणजे बाजारातलं चांगलं पॅन आणायचं, त्यावरचं नाव घासायचं किंवा बुजवायचं, आपलं नाव लावायचं आणि तेच वाळूत दाबून साचा घ्यायचा. घासकाम थोडं जरी कच्चं राहिलं तरी वाळू ते उचलते. तुम्हाला दिसतंय ते तेच, जुन्या ईरी पॅनचं राहून गेलेलं नाव. संग्राहक याला घोस्ट मार्क म्हणतात.

याचा पडताळा मापातही मिळतो. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, फुटाला इंचाचा आठवा भाग. कोल्हापुरात शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, पॅटर्न त्या हिशोबाने मोठाच करतात. पण तयार पॅनवरूनच साचा घेतला तर ही सूट मिळत नाही आणि नक्कल मूळ पॅनपेक्षा जराशी लहान येते. त्याच नंबरचं ईरी पॅन कुणाकडे असेल तर दोन्ही कॅलिपरने मोजा, साडेदहा इंचाला इंचाच्या दहाव्या भागाएवढा फरक यायला हवा. मात्र आत्ता विकायला केलेल्या बनावट नकलाही अशाच लहान येतात, त्या ओळखायच्या पृष्ठभागावरून: वाळूसारखा खरखरीत पोत, सुजल्यासारखी अक्षरं, जाड भिंत. जुन्या पॅनचा आतला भाग घासून, कातून गुळगुळीत केलेला असतो.

कागदांचं म्हणाल तर भरपूर आहेत, आणि मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. गावाचं नाव हातात असलं की आधी त्या गावच्या जुन्या सिटी डिरेक्टऱ्या (गावातल्या लोकांच्या आणि धंद्यांच्या नाव-पत्त्यांच्या छापील याद्या) बघायच्या, वर्षावर्षाच्या असतात, कंपनी कुठल्या वर्षी दिसायला लागते आणि कुठल्या वर्षी गायब होते ते लगेच कळतं. मग सॅनबॉर्नचे नकाशे. हे आगीच्या विम्यासाठी काढलेले, आणि फाउंड्री म्हणजे आगीचा धोका, त्यामुळे त्यांनी एकेक शेड काढून ठेवलीय, विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी, आत मोल्डिंग कुठे चालायचं तेसुद्धा लिहिलेलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातले पुष्कळ नकाशे घरबसल्या फुकट बघता येतात, जुनी वर्तमानपत्रंही त्यांच्याकडे आहेत. पॅनवर पेटंटची तारीख असेल तर तीही शोधा, पण ती डिझाइनची तारीख असते, पॅन नंतर कितीही वर्षं ओतलेलं असू शकतं.

आणि नाव वाचलं म्हणजे कारखाना सापडला असंही नसतं. ‘प्युरिटन’ हा सिअर्सच्या दुकानाचा ब्रँड होता, ओतणारे ग्रिसवोल्ड, आणि ‘वॉर्डवे’ मॉंटगोमेरी वॉर्डचा, तो माल ओहायोतल्या सिडनीच्या वॅग्नरचा. डिरेक्टरीत कारखाना सापडला नाही तर त्या नावाचं दुकान होतं का तेही बघा.

प्रश्न (एक वाचक ताई, अटलांटा): शेजारच्या आजींनी त्यांचं पॅन मला दिलं. नाव नाही, ८ च्या बाजूला एक इंग्रजी अक्षर कोरलंय. वर काळा जाड थर बसलाय, तो काढून बघू का?

उत्तर: ताई, तुमच्या भागात हे पॅन बर्मिंगहॅम स्टोव्ह अँड रेंजचं असायची शक्यता बरीच आहे, अलाबामातली कंपनी, १९०२ ची. त्यांच्या बिननावाच्या पॅनला आता रेड माउंटन म्हणतात. खालची कडी, म्हणजे हीट रिंग, बोट फिरवून बघा. तिला तीन खाचा असतील तर ते टेनेसीतल्या लॉजचं. खाच नसेल आणि अक्षर आत कोरलेलं असेल तर बर्मिंगहॅम. अक्षर उठावाचं असेल तर परत लॉजकडे बघा, त्यांच्या जुन्या पॅनवर तशी अक्षरं सापडतात.

थर काढाच, त्याशिवाय खुणा दिसणार नाहीत, पण आगीत टाकू नका आणि ग्राइंडर तर अजिबात लावू नका. आगीत लोखंड वाकतं आणि लालसर पडतं ते कायमचं, ग्राइंडरने अक्षर जातं. लाय (म्हणजे कॉस्टिक सोडा) असलेला ओव्हन क्लीनर मारून पॅन प्लास्टिकच्या पिशवीत एक-दोन दिवस बंद ठेवा, हातात जाड ग्लव्ह्ज आणि डोळ्यांना चष्मा हवाच, मग धुवा, लगेच कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा, नाहीतर बघता बघता गंज चढतो. स्वयंपाकाला घ्यायच्या आधी शिशाची टेस्ट करून घ्या. जुन्या पॅनमध्ये लोक बंदुकीच्या गोळ्या आणि गळाची वजनं ओतायला शिसं वितळवायचे, आणि टेस्टमध्ये शिसं निघालं तर त्या पॅनमध्ये काहीही शिजवायचं नाही, कितीही घासलं तरी.